डोळे झाकण्याआधी ‘थांब’ कसं कळणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मी नक्की कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही दोघं तिशीतले, लग्नाला ७ वर्षं झालेली. नवऱ्याला बरेच दिवस हवं होतं म्हणून तुम्ही त्याचे डोळे ओढणीने बांधलेत, कानांवर हेडफोन चढवून गाणी लावलीत आणि दुसऱ्या ओढणीने त्याची मनगटं डोक्याच्या वर पलंगाला बांधलीत. दहाएक मिनिटांनी तो एकदम ‘काढ, काढ’ म्हणाला. गाठी सुटेनात. सुटल्या तेव्हा हातांना मुंग्या आलेल्या होत्या आणि नंतर तो बराच वेळ गप्प बसून राहिला. आता त्याला पुन्हा करून बघायचंय, तुम्हाला धास्ती वाटते, आणि तुम्ही विचारलंय की ओढणीऐवजी काय वापरावं.

काय वापरावं ते पुढे सांगतेच, पण सामान हा यातला सोपा भाग आहे. त्या दिवशी अडलं ते दुसरीकडे. त्याचं बरं चाललंय की नाही हे कळायला तुमच्याकडे काही मार्ग उरला नव्हता आणि तुम्ही नेमक्या कुठे आहात हे कळायला त्याच्याकडे.

एरवी जवळिकीत दोघांमध्ये सतत निरोप जात-येत असतात. नजर, हुंकार, हलकेच हात बाजूला करणं, कूस बदलणं. यातले बरेचसे आपण देतोय याची आपल्यालाही जाणीव नसते. डोळे झाकले की त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, आणि तुम्हालाही त्याची नजर वाचता येत नाही, हे दुसरं हमखास विसरलं जातं. कान बंद झाले की तुमचा आवाज पोचत नाही. हात बांधले की तो तुम्हाला थोपवू शकत नाही. तुम्ही तिन्ही वाटा एकदम बंद केल्यात आणि बदल्यात एकही उघडली नाही. म्हणून माझा सगळा सल्ला एवढ्यावर उभा आहे: एका वेळी एकच वाट बंद करा, आणि ती बंद करण्यापूर्वी तिच्या बदलीची वाट चालू करून तपासून घ्या.

यात मजा नेमकी कुठून येते हे समजलं तर किती कमी पुरतं तेही लक्षात येईल. डोळे झाकल्यावर १० मिनिटांत त्वचा काही जास्त तल्लख होत नाही. बदलतं ते लक्ष आणि बदलतो तो अंदाज. येणाऱ्या स्पर्शाचा मेंदू आधीच अंदाज बांधतो आणि अंदाजाप्रमाणे आलेला स्पर्श फिका करून टाकतो. आपल्याला स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत त्या यामुळेच. ब्लेकमोर, वोल्पर्ट आणि फ्रिथ या संशोधकांनी १९९८ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर हे दाखवलं होतं. डोळे बंद असले की पुढचा स्पर्श कुठे, कधी, कसला हे कळत नाही, अंदाज चुकत राहतो आणि साधं बोट फिरवलं तरी ते ठळक जाणवतं. हे सगळं नुसत्या डोळ्यांच्या पट्टीत मिळतं. कान आणि हात त्यात थोडीशी भर घालतात. जोखमीत मात्र बरीच.

‘जितकं जास्त तितकं भारी’ हा समज आधी काढून टाका. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या गटाने विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन नुसतं पडून राहायला सांगितलं होतं. डोळ्यांवर धूसर चष्मे, हातांत मोजे आणि त्यावर पुठ्ठ्याच्या नळ्या, कानी यंत्राची एकसुरी घरघर. बहुतेक जण दोन-तीन दिवसांच्या वर टिकले नाहीत आणि कित्येकांना नसलेली दृश्यं दिसायला लागली. १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये स्थानबद्धांच्या डोक्यावर पिशवी चढवणं आणि सततचा गोंगाट ऐकवणं हा चौकशीच्या पद्धतीचा भाग होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७८ मध्ये ती अमानुष आणि मानहानिकारक वागणूक ठरवली. तुमच्या बेडरूममधल्या पाव तासाची त्याच्याशी बरोबरी नाही. पण साधनं तीच आहेत हे ध्यानात असू द्या. ते त्याने स्वतः मागितलेलं असतं, हवं तेव्हा थांबवता येतं आणि कधी संपणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणूनच तो खेळ राहतो. मागच्या वेळी गाठी सुटेनात त्या मिनिटभरात त्याच्या हातून ‘थांबवता येतं’ हेच निसटलं. तो नंतर गप्प झाला यात मला नवल वाटत नाही.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. त्याला कधी पॅनिक अटॅक आलेत का? लिफ्टमध्ये, एमआरआयच्या बोगद्यात जीव घाबरतो का? लहानपणी कुणी कोंडलं, मारलं, छळलं असेल, तर अंधार आणि हात अडकणं हे दोन्ही त्या आठवणीला थेट हात घालू शकतात. अशा माणसाने हे कधीच करू नये असं मी म्हणत नाही, पण आधी समुपदेशकाशी बोलून घ्यावं आणि हात बांधणं यादीतून काढून टाकावं. भास होण्याचा आजार स्वतःला झालेला असेल तर डोळे आणि कान दोन्ही एकत्र बंद करणं सरळ टाळा. काचबिंदू असेल किंवा डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर पट्टी नको. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल तर कानात काही घालायचं नाही. दमा असेल तर इनहेलर उशाशी. इन्शुलिन घेत असेल तर उपाशीपोटी नको, कारण साखर उतरल्यावर सुटणारा घाम आणि थरथर ही भीतीची किंवा उत्तेजनेची वाटून फसगत होते. आणि दारू, भांग, झोपेची गोळी यांतलं काहीही घेतलेलं असेल तर त्या रात्री बेत रद्द. ‘थोडीशीच घेतलीय’ यालाही हेच उत्तर. संमती देणं आणि वेळेवर नको म्हणणं या दोन्हीसाठी डोकं ताळ्यावर लागतं, तुमचंही.

बोलणं करायचं ते वेगळ्या दिवशी, कपडे अंगावर असताना, चहा पिताना वगैरे. अंथरुणात विचारलेल्या प्रश्नाला माणूस सहसा ‘हो’च म्हणतो. त्याला नेमकं काय हवंय ते विचारा: अंधार हवाय, अंदाज न येणं हवंय, की सूत्रं तुमच्या हाती देणं हवंय? या तिन्ही इच्छा वेगवेगळ्या आहेत आणि तिसरीसाठी हेडफोनची काहीच गरज नाही. अंगाच्या कुठल्या भागाला अजिबात हात लावायचा नाही, हेही विचारा. ‘तुला हवं ते कर’ हे उत्तर मान्य करू नका. ते ऐकायला गोड असतं आणि सगळी जबाबदारी तुमच्या डोक्यावर टाकून मोकळं होतं. मग तुमच्या अटी त्याला सांगा. तुम्हालाही ‘मला हे नको’ म्हणायचा तेवढाच हक्क आहे. आज हो म्हटलं म्हणजे पुढच्या शनिवारी हो असं नाही, आणि लग्न झालेलं असणं म्हणजे संमती नव्हे.

‘थांब’साठी वेगळा सांकेतिक शब्द ठेवावा असं सगळीकडे सांगितलं जातं. ‘नको ना’ हा ज्यांच्या खेळाचाच भाग असतो त्यांना तो लागतो. तुम्हाला सध्या तरी लागत नाही, असं माझं मत. ‘थांब’, ‘नको’, ‘काढ’ या शब्दांचा अर्थ तोच ठेवा जो रोजच्या बोलण्यात आहे. घाबरलेल्या माणसाला ‘अननस’ आठवत बसावं लागू नये. सोबत सिग्नलचे रंग घ्या, कारण ‘पिवळा’ फार कामाचा आहे: थांबवू नकोस, पण हळू घे किंवा हे बदल. पुष्कळ पुरुष ‘थांब’ म्हणायला लाजतात, पण ‘पिवळा’ म्हणतात.

शब्द पुरेसे का नाहीत, तर कान बंद असलेल्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. कानात बोळे घातले की आपला आवाज आपल्याच डोक्यात घुमतो, तो मोठा वाटतो आणि माणूस नकळत पुटपुटायला लागतो. हेडफोनमध्ये आवाज चालू असेल तर नेमकं उलटं होतं, माणूस ओरडून बोलतो. मग शेजारी ऐकतील या धास्तीने गप्पच राहतो. म्हणून हाताची खूण लागते. दोन खुणा ठेवा. पहिली तुमच्याकडून: त्याचा तळहात दोनदा दाबायचा, म्हणजे ‘ठीक ना?’ त्याने दोनदा दाबलं तर ठीक. एकदाच दाबलं, उशिरा दाबलं किंवा दाबलंच नाही, तर थांबायचं. दर दोन मिनिटांनी हे करा. ऐकताना यांत्रिक वाटतं, पण चालू असताना तो हात दाबणं हासुद्धा एक छान स्पर्श असतो.

दुसरी खूण त्याच्याकडून: हातात धरलेली वस्तू सोडून द्यायची. इथे एक नेहमीची फसगत होते. लोक चाव्यांचा जुडगा हातात देतात आणि तो गादीवर पडतो, आवाज होतच नाही. हात गादीच्या कडेबाहेर येऊ द्या आणि खाली फरशीवर स्टीलचं ताट ठेवा. तुम्ही पाठमोऱ्या असलात तरी ऐकू येईल. लहान मुलांचं दाबल्यावर चूं-चूं वाजणारं रबरी खेळणंही चालतं, पण ते दाबावं लागतं. चाव्या नुसती मूठ सैल झाली तरी पडतात, म्हणून मला चाव्या पसंत. तो पेंगला आणि पडल्या, तर काही बिघडलं नाही, उठवा. दोन्ही खुणांची दिवे चालू असताना, हसतखेळत एकदा तालीम करा.

गप्प बसणं म्हणजे हो, असं कधीही धरू नका. सहन करत राहणं ही मर्दानगी असं शिकवलेल्या पुरुषांच्या बाबतीत तर मुळीच नाही. भीतीत माणूस दर वेळी ओरडतोच असं नाही, कित्येकदा तो गोठतो. श्वास उथळ आणि जलद होणं, किंवा अधूनमधून रोखला जाणं, जबडा आणि पायाची बोटं आवळलेली राहणं, तळहात गार आणि ओले होणं, स्पर्शाला काहीच प्रतिसाद न येणं, या खुणा दिसल्या तर त्याने काही म्हणेपर्यंत वाट पाहू नका.

आता सामान. डोळ्यांसाठी ओढणीपेक्षा झोपताना लावतात तो आय-मास्क चांगला, त्यातही डोळ्यांच्या जागी खोलगट वाट्या असलेला. मास्कच्या आत पापण्या मोकळ्या उघडझाप करता यायला हव्यात, हीच परीक्षा. बुबुळांवर दाब पडला तर काही जणांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, मळमळतं. हा शरीराचा एक ठरलेला प्रतिक्षेप आहे, डोळ्यांच्या ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ त्यासाठी सावध असतात. ओढणी वापरायचीच तर ती सुती, रुंद घडी घातलेली असावी आणि गाठ कानाच्या वर, बाजूला. डोक्याच्या मागे मारली तर तो उताणा झोपल्यावर ती रुतत राहते. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा. नाकाच्या बाजूच्या फटीतून थोडा उजेड येतो, तो येऊ द्या. पहिल्या काही वेळा ती फटच त्याचा धीर असतो. काही वेळाने रंग, ठिपके, तरंगल्यासारखं वाटणं असं काही झालं तर ते नेहमीचं आहे हे त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो दचकणार नाही.

आणि पट्टी असताना त्याला उभं करू नका, चालवू नका. तोल सांभाळण्यात डोळ्यांचा वाटा मोठा असतो. पलंगाच्या कडेशी, ओल्या फरशीवर, घरातल्या कपाटाच्या कोपऱ्यावर अपघात होतात ते असे.

कानांचं प्रकरण दुसऱ्या टप्प्याचं. कानात कापूस घालू नका. आवाज फारसा अडत नाही आणि धागे आत राहतात. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग घ्या. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद धरून ठेवायचे. नीट बसले तर साधारण ३० डेसिबलपर्यंत आवाज अडतो, म्हणजे नेहमीचं बोलणं कुजबुजीइतकं उरतं. वर आणखी हेडफोन लावून फार तर ५ डेसिबलची भर पडते, कारण आवाज हाडांतूनही पोचतोच. तेव्हा दोन्ही एकत्र लावायचा खटाटोप नको. काढताना पीळ देत हळू काढा, झटक्याने ओढलं तर पडद्यावर ताण येतो.

हेडफोन लावणार असाल तर बिनतारी घ्या, गळ्याजवळ वायर नकोच. गाणी नकोत, कारण प्रत्येक गाण्याला आठवण चिकटलेली असते आणि ती कुठली हे तुम्हाला माहीत नसतं. पावसाचा एकसारखा आवाज डाउनलोड करून ठेवा. ऑनलाइन फुकटात चालवलंत तर मधेच कर्कश जाहिरात लागते, आणि डोळे बांधलेल्या माणसाच्या कानात ती लागणं म्हणजे भलतंच. आवाज इतकाच ठेवा की तुम्ही त्याच्या कानाशी नेहमीच्या स्वरात बोललात तर त्याला कळावं. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि ब्लूटूथ तेवढं चालू ठेवा.

फोनचा विषय निघालाच आहे तर, कॅमेरा नाही म्हणजे नाही. डोळे झाकलेल्या माणसाला तुम्ही काय टिपताय ते दिसत नाही. संमतीशिवाय खासगी अवयवांचं छायाचित्र घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा राहू द्या, पट्टीखालच्या माणसाच्या मनात ‘फोन कुठे असेल?’ ही शंका असली तर तो सैल होणारच नाही. फोन आवाजासाठी लावला की उपडा, त्याच्या हाताला लागेल असा ठेवा.

हात. इथे मी कडक आहे. मनगटं डोक्यावर नेऊन बांधणं नवख्यांसाठी सगळ्यात वाईट: खांद्यापासून निघणाऱ्या नसा ताणल्या जातात, हातातलं रक्त उतरतं आणि माणूस दचकून हिसका देतो तेव्हा सगळा जोर मनगटावर येतो. मुंग्या त्यामुळेच आल्या. ओढणीची गाठ ताणाने आवळत जाते. ताण पडला की सुरगाठीचीसुद्धा निरगाठ होते, आणि घामाने ओली झाली की नखंही चालत नाहीत. पट्टा हवाच असेल तर निदान ५ सेंटिमीटर रुंद, आत मऊ अस्तर असलेला, वेल्क्रोचा घ्या, जो ताण दिल्यावर आवळत नाही आणि एका हिसक्यात उघडतो. पट्टा आणि मनगट यांच्यामध्ये दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. हात पोटावर किंवा अंगालगत. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, कोपराच्या आतल्या बाजूला आणि मनगटावर अंगठ्याकडच्या बाजूला नसा अगदी वरवर असतात, तिथे दाब नको. जवळ बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री ठेवा, मेडिकलमध्ये मिळते, आणि ती ओढणी खरंच कापते का हे एखाद्या जुन्या कापडावर बघून ठेवा. मुंग्या, बधिरपणा, बोटं निळसर किंवा गार, यातलं काहीही झालं तर ‘अजून जरा वेळ’ नाही, लगेच सोडा.

पण बांधायचंच कशाला? ‘हात उशीखाली ठेव आणि मी सांगेपर्यंत काढू नकोस’ एवढं सांगून बघा. सूत्रं दुसऱ्याकडे देण्याची जी गंमत त्याला हवी आहे ती यात पुरेपूर आहे आणि सुटका त्याच्याच हाती राहते. कित्येक जोडप्यांना यापुढे जायची गरजच वाटत नाही.

तोंड आणि नाक झाकणं, तोंडात बोळा, डोक्यावर पिशवी, गळ्याभोवती काहीही, यांबद्दल मी ‘हळूहळू शिका’ असं म्हणणार नाही. गळा दाबण्याची सुरक्षित पद्धत अस्तित्वात नाही. विषय तिथेच संपतो.

स्पर्शाबद्दल मात्र मोकळेपणाने बोलू, कारण खरा खेळ इथे आहे आणि लोक इथेच घाई करतात. हातावर, पाठीवर, मांडीवर केसाळ त्वचेखाली एक प्रकारचे मज्जातंतू असतात जे सावकाश फिरणाऱ्या, शरीराइतक्या कोमट स्पर्शाला सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. वेग सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर, मध्यावर साधारण ३ धरा. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत जायला ८ सेकंद. घड्याळ लावून एकदा करून बघा, आपण एरवी किती घाईने हात फिरवतो ते कळेल. पाठीवर दोन बोटं ४ सेंटिमीटरपेक्षा जवळ टेकवली तर बहुतेकांना ती एकच वाटतात, बोटांच्या टोकांवर मात्र दोन-तीन मिलिमीटरचं अंतरही कळतं. म्हणून पाठीला, मांडीला तळहात, मोरपीस, रेशमी पदर अशी मोठी माध्यमं द्या आणि बारीक काम बोटांची टोकं, तळहात, ओठ अशा ठिकाणी करा. एक तळहात शक्यतो अंगावरून उचलू नका. दोन्ही हात उचलून तुम्ही काही आणायला वळलात, तर त्याच्यासाठी तुम्ही खोलीतून नाहीशा झालेल्या असता. नवी वस्तू आधी दंडावर किंवा पोटरीवर, मग पुढे.

बर्फ वापराल तर फ्रीजरमधून काढल्या काढल्या नाही. हातात धरून पाणी सुटू द्या, नाहीतर ओलसर त्वचेला चिकटतो. एका जागी काही सेकंदच, फिरता ठेवा. मेणबत्तीचं मेण पट्टी बांधलेल्या माणसावर सुरुवातीला नकोच, चादरीजवळ ज्योत तर नाहीच. बाम आणि मेंथॉल गुप्तांगाला किंवा डोळ्यांजवळ लावू नका. स्वयंपाकात हिरवी मिरची चिरली असेल तर हाताला तिखट तासन्‌तास राहतं. आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. खोबरेल मालिशीला उत्तम, पण लॅटेक्सचा कंडोम वापरत असाल तर त्याच्याशी कुठलंही तेल चालत नाही, तो फाटतो. तिथे पाण्यावर आधारित वंगण घ्या.

खोलीची तयारी किरकोळ वाटते पण निम्मी धास्ती तिथली असते. दाराला आतून कडी, मुलं किंवा सासूबाई घरात असतील तर त्या झोपल्याची खात्री, बेलचं बटण बंद करता येत असेल तर बंद. पंखा मंद, कारण न हलणारं अंग लवकर गार पडतं; पायांवर चादर. वीज गेली तर तुमचेही डोळे बंद झाल्यासारखंच, म्हणून टॉर्च हाताशी. आणि कात्री, पाणी, टॉर्च हे सगळं पलंगावरून हात पोचेल अशा जागी. तो पट्टीत असताना खोलीबाहेर जायचं नाही, एक मिनिटही नाही.

वेळेचं म्हणाल तर पहिल्यांदा १० मिनिटं, तुमच्या मनगटावर व्हायब्रेट होणारा टायमर लावून. आत असलेल्या माणसाला वेळेचा अंदाज राहत नाही, १० मिनिटं कुणाला ३ वाटतात, कुणाला २५. संपवताना घाई नको आणि क्रम उलटा: आधी हात मोकळे, मग कान, मग तुमचा आवाज, आणि डोळे सगळ्यात शेवटी. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम ट्यूबलाइट पडणं फार त्रासदायक होतं. दिवा मंद करा, त्याला स्वतःच्या हाताने पट्टी काढू द्या.

मधेच घाबरला तर हा क्रम विसरा. सगळं एकदम काढा, उठवून बसवा, पाय फरशीला टेकवा, नावाने हाक मारा आणि छोटी वाक्यं बोला: ‘मी आहे. संपलं. घरी आहोत.’ श्वास मोठा घे असं सांगू नका, तो आधीच जास्त घेत असतो आणि त्यानेच ओठांभोवती मुंग्या येतात. श्वास सावकाश सोडायला सांगा, घेण्यापेक्षा सोडणं लांब. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं विचारा. मिठी मारायच्या आधी विचारा. काहींना त्या क्षणी कुणाचाही स्पर्श नको असतो. ‘काय झालं, सांग ना’ हा प्रश्न तेव्हा नको.

व्यवस्थित पार पडलं तरी नंतरची २० मिनिटं मोकळी ठेवा. पाणी, पांघरूण, काहीतरी गोड. डोकं जड वाटणं, रडू येणं, उगाच हसू येणं, सगळं होऊ शकतं. कसं वाटलं याची चौकशी दुसऱ्या दिवशी करा. त्या रात्री माणूस ‘मस्त’च म्हणतो.

तुमच्यासाठी मी असं लावेन. पहिल्या वेळी फक्त मास्क, तोही आधी तुमच्या डोळ्यांवर. होय, तुमच्या. १० मिनिटं तुम्ही त्याच्या जागी पडून बघितल्याशिवाय तुम्हाला त्याचा वेग कळणार नाही. दुसऱ्या वेळी त्याला मास्क आणि हात उशीखाली, १० मिनिटं, बोलणं चालू. हे दोनदा-तीनदा निर्धास्तपणे जमलं तर कान, आणि त्या वेळी हात मोकळे, एका हातात चाव्या. वेल्क्रोचा पट्टा त्यानंतरही दोघांना हवासा वाटला तरच, आणि तेव्हा कान उघडे. तिन्ही एकत्र करायची घाई मी करणार नाही.

हे सुरू करण्याआधी मागच्या वेळची एक गोष्ट तपासा. मुंग्या सोडल्यावर काही मिनिटांत गेल्या असतील तर काळजी नाही. पण अंगठ्याच्या किंवा करंगळीच्या बाजूला अजून बधिर वाटत असेल, मनगट वर उचलताना किंवा बोटं फाकवताना जोर कमी पडत असेल, तर नस दबलेली असू शकते. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. हात कसा दबला हे त्यांना खरं सांगा, ‘झोपेत अंगाखाली आला’ असं नको. दाब कुठे आणि किती वेळ होता यावरच त्यांची तपासणी ठरते.